लॅक्स्टन : कुंपण न पडलेले इंग्लिश खेडे

ट्रेंटकाठचा वाटसरू (धागाकर्ता)

नोव्हेंबर महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या लॅक्स्टन या गावातली काही शेतकरी मंडळी ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत बसून नुकताच गहू पेरलेल्या रानात जातात. तिथे ती एकमेकांच्या पट्ट्यांच्या हद्दी पाहतात, हद्द पुसट झाली असेल तिथे लाकडी खुंट ठोकतात आणि कोणाचा नांगर शेजारच्या गवती पट्टीत किंवा वाटेत घुसला असेल तर त्याची नोंद करतात. दुपारी गावातल्या ‘डव्हकोट इन’ या खाणावळीत जेवताना दंड किती लावायचा ते ठरते. गेल्या वर्षी मी रजा काढून हे सगळे रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहिले. नॉटिंगहॅममध्ये इतकी वर्षे राहून तासाभराच्या अंतरावरचे हे गाव आपण आधी का पाहिले नाही, याची मनापासून खंत वाटली. त्यानंतर मी जूनमध्ये पुन्हा गेलो, गावाविषयी मिळेल ते वाचले, आणि आता हा धागा काढत आहे.

लॅक्स्टन हे नेवार्क शहराच्या वायव्येस, ऑलर्टन आणि टक्सफर्ड यांच्यामध्ये वसलेले, अडीचशेच्या आसपास वस्तीचे गाव आहे. बाहेरून पाहिले तर एक लांब रस्ता, लाल विटांची घरे, एक चर्च आणि एक खाणावळ इतकेच दिसते. मात्र गावाबाहेर पडल्यावर इंग्लंडच्या ग्रामीण भागात सहसा न दिसणारा देखावा समोर येतो. झुडपांच्या कुंपणांनी तुकडे झालेली छोटी छोटी शेते इथे नाहीत. तीन अवाढव्य मोकळी राने आहेत आणि त्या प्रत्येकात अनेक शेतकऱ्यांचे लांबट पट्टे एकाला एक लागून आहेत. मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड अशी त्या रानांची नावे. मध्ययुगात इंग्लंडच्या मध्य भागातली असंख्य गावे याच पद्धतीने शेती करत होती. आज गावसभेच्या देखरेखीखाली, सर्व नियमांसह ही पद्धत चालू असलेले गाव म्हणून लॅक्स्टनचेच नाव घेतले जाते. डेव्हन परगण्यात ब्रॉन्टन येथे आणि लिंकनशायरमधल्या ॲक्सहोम भागात मोकळ्या रानांचे अवशेष आहेत, पण तिथे रान उरले आणि ते चालवणारी सभा उरली नाही.

पद्धत समजायला सोपी आहे. तीन रानांपैकी एकात हिवाळी गहू असतो, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक असते आणि तिसरे रान पूर्वी पड ठेवले जाई. आता त्या तिसऱ्या रानात बहुधा गवत किंवा जनावरांच्या चाऱ्याचे पीक घेतात. दरवर्षी पाळी एका रानाने पुढे सरकते. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन तिन्ही रानांत विखुरलेली असल्यामुळे दरवर्षी प्रत्येकाच्या वाट्याला थोडा गहू, थोडे वसंती पीक आणि थोडी पड येतेच. इथली माती तांबडी, चिकट आणि जड आहे. ती ओली असताना नांगर चालत नाही आणि वाळल्यावर दगडासारखी होते. अशा मातीत तीन वर्षांतून एकदा जमिनीला विसावा देण्याची प्रथा कशातून आली असेल, हे नुसते त्या ढेकळांवरून चालून पाहिले तरी कळते.

रानांच्या मधल्या सखल, ओलसर जागांत पाणी साचते म्हणून तिथे नांगर कधी लागला नाही. त्या गवती पट्ट्यांना इथे ‘साइक’ म्हणतात. त्या सामाईक आहेत. त्यांच्यावरचे गवत कापण्याचा हक्क लिलावाने देण्याची जुनी चाल आहे. शतकानुशतके नांगर आणि खते न लागल्यामुळे या पट्ट्यांत रानफुलांची जी संपत्ती टिकली, तिच्यासाठी त्यांना सरकारने वैज्ञानिक महत्त्वाची जागा म्हणून संरक्षण दिले आहे.

आता इतिहासाकडे वळतो. १०८६ साली विल्यम राजाच्या आज्ञेने इंग्लंडची जी महसुली पाहणी झाली, त्या डूम्सडे पुस्तकात या गावाची नोंद आहे. नॉर्मन स्वारीपूर्वी गाव टोची नावाच्या जमीनदाराकडे होते आणि पाहणीच्या वेळी ते जेफ्री ॲल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे गेलेले होते. पुढे द कॉ घराण्याने गावाच्या उत्तरेस मातीची उंच टेकडी रचून किल्ला बांधला. आज त्याचे बांधकाम शिल्लक नाही, परंतु खंदक, तटबंदीचे मातीचे उंचवटे आणि मधली टेकडी इतकी स्पष्ट आहे की परगण्यातल्या या प्रकारच्या किल्ल्यांत लॅक्स्टनचा किल्ला सर्वांत चांगला टिकलेला मानतात. द कॉ आणि नंतरच्या एव्हरिंगहॅम घराण्याकडे शेरवूडच्या राजवनाची राखणदारी होती. एव्हरिंगहॅम मंडळींच्या दगडी समाध्या सेंट मायकेलच्या चर्चमध्ये आहेत आणि त्यांच्याशेजारी ओक लाकडात कोरलेली एका स्त्रीची निजलेली प्रतिमा आहे. सरदारांच्या दगडी प्रतिमांचे हातपाय तुटले, पण ही लाकडी बाई सातएकशे वर्षे टिकून राहिली. मी तिच्याजवळ बराच वेळ उभा होतो.

गावाच्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वर्ष मात्र १६३५ आहे. सर विल्यम कोर्टीन या लंडनच्या व्यापाऱ्याने काही वर्षे आधी गाव विकत घेतले होते. आपण काय घेतले आहे हे नीट कळावे म्हणून त्याने मार्क पीअर्स या मोजणीदाराकडून सगळ्या गावाचा नकाशा आणि त्यासोबत खातेवार नोंदवही करवून घेतली. त्या नकाशात प्रत्येक पट्टा, तो कसणाऱ्याचे नाव आणि क्षेत्र येईल अशी व्यवस्था आहे. शिवाय नांगर धरलेली माणसे, जनावरे, शिकारी यांची छोटी चित्रेही आहेत. तो नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलीयन ग्रंथालयात आहे. त्याची प्रत हातात घेऊन गावात फिरले तर आजचा रस्ता आणि आजची रानाची कड यांची जागा पटकन सापडते.

बाकीच्या इंग्लंडचे काय झाले, हेही सांगायला हवे, नाहीतर लॅक्स्टनचे वेगळेपण कळणार नाही. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने गावोगावची मोकळी राने आणि सामाईक माळ वाटून, त्यांना कुंपणे घालून खासगी करण्याचे ५,२०० हून अधिक कायदे संमत केले. त्यांत ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एकूण भूमीचा पाचवा हिस्सा गेला. संसदेत न जाता आपापसांतल्या कराराने घातलेली कुंपणे याशिवायची. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना सलग तुकडे मिळाले. ज्यांच्याकडे नुसता गाय चारण्याचा किंवा सरपण गोळा करण्याचा वहिवाटीचा हक्क होता, त्यांच्या हाती फार थोडे लागले, आणि पुष्कळांच्या हाती काहीच लागले नाही. आज आपण सहलीला गेल्यावर जी हिरव्या कुंपणांची नक्षी पाहून ‘किती सुंदर इंग्लंड’ असे म्हणतो, त्या नक्षीचा मोठा भाग या वाटपातून आला आहे. हे कळल्यापासून मला ती नक्षी पूर्वीसारख्या निर्मळ मनाने पाहता येत नाही.

लॅक्स्टन यातून वाचले त्याला कोणाचे औदार्य कारणीभूत नव्हते. १६४० च्या सुमारास गाव पिअरपाँट घराण्याकडे आले. पुढे त्यांना ‘अर्ल मॅनव्हर्स’ ही सरदारकीची पदवी मिळाली. त्यांनी अठराव्या शतकात काही भागाला कुंपणे घातलीच, परंतु गावात इतरांच्याही मालकीच्या जमिनी गुंतलेल्या होत्या. सगळ्यांचा मेळ बसेना, खर्चही मोठा होता, आणि काम लांबत गेले. विसावे शतक उजाडले तेव्हा हे गाव अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय झाले होते. १९५२ साली सहाव्या अर्लने जमीन विकायला काढली तेव्हा ही पद्धत मोडू नये म्हणून कृषी मंत्रालयाने ती विकत घेतली. १९८१ मध्ये ती राजमुकुटाच्या मालमत्ता पाहणाऱ्या ‘क्राउन इस्टेट’कडे गेली. २०२० मध्ये क्राउन इस्टेटने ती थोर्सबी इस्टेटला विकली. थोर्सबी म्हणजे पुन्हा त्याच पिअरपाँट घराण्याची जहागीर. अडुसष्ट वर्षांनी जमीन जुन्या घरी परतली.

आपल्याकडच्या शेतीशी नाते असलेल्या सभासदांनी यावर लिहावे, अशी विनंती आहे.

---

काळीमाती

लेख दोनदा वाचला. आमची जमीन लातूर जिल्ह्यात आहे, वडील अजून कसतात, म्हणून काही प्रश्न मनात आले ते विचारतो.

आपल्याकडे १९४७ साली जमिनीचे तुकडे पाडण्यास मनाई करणारा आणि तुकडे एकत्र करणारा कायदा झाला. त्यामागचा विचार असा होता की विखुरलेली शेती परवडत नाही. बैल, औत, माणूस यांचा निम्मा वेळ एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जाण्यात संपतो, आणि बांधावरून भांडणे होतात ती वेगळीच. मग एकाच माणसाची जमीन तीन रानांत मुद्दाम विखुरलेली ठेवणारी पद्धत इतकी शतके लोकांनी का सोसली? आणि दुसरा प्रश्न असा की गव्हाच्या रानात एखाद्याला गहू नकोच असेल तर त्याने काय करायचे?

---

ट्रेंटकाठचा वाटसरू (धागाकर्ता)

काळीमाती, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

विखुरलेपणाचा पहिला फायदा जोखमीचा. सखल भागातली जमीन ओल्या वर्षी सडते आणि चढावरची जमीन कोरड्या वर्षी करपते. दोन्हीकडे पट्टे असणाऱ्याचे सगळेच पीक एकाच वर्षी बुडत नाही. दुसरा फायदा चराईचा होता. पीक निघाले की सगळे रान एकदम मोकळे होई आणि ज्यांना हक्क होता त्यांची जनावरे आणि मेंढरे धसकटांवर आणि पडीक रानावर चरत. त्यांच्या शेणामुताने रान खतावले जाई. मध्ये कुंपणे असती तर हे शक्य झाले नसते. याच कारणाने सगळ्यांनी एका वेळी पेरणे आणि एका वेळी काढणी करणे आवश्यक होते, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. रानाची पाळी मोडून स्वतःच्या मर्जीने वेगळाच क्रम धरण्याची मुभा इथे नाही. जो पट्टा घेतो तो रानाची शिस्तही घेतो.

याची किंमत शेतकरी मोजतात, हे मला लपवायचे नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इस्टेटीने पट्ट्यांची अदलाबदल करून त्यांची संख्या खूप कमी केली आणि प्रत्येक पट्टा मोठा केला, कारण लहान पट्ट्यांवर नवी अवजारे चालेनात. १६३५ च्या नकाशातले पट्टे पाहून कोणी आज रानात गेले तर त्याला ते तसेच दिसणार नाहीत. मोकळ्या रानांचे क्षेत्रही पूर्वीपेक्षा पुष्कळ आकसून आज पाचशे एकरांच्या आत आले आहे. गावातली सगळी शेती त्यात नाही. बाकीची जमीन कुंपणातली आहे आणि शेतकऱ्यांचा संसार दोन्हींवर मिळून चालतो.

बांधाबद्दल एक गोष्ट राहून गेली. दोन पट्ट्यांच्या मध्ये आपल्यासारखा मातीचा बांध नसतो. जुन्या काळी प्रत्येक जण आपल्या पट्ट्यात मधोमध माती पलटेल अशा बेताने नांगरट करी. त्यामुळे पट्ट्याच्या मध्यावर उंचवटा येई आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यावर सरी पडे. ती सरी हीच हद्द आणि तीच पाण्याची वाट. इंग्लंडच्या मध्य भागात जुन्या कुरणांवर संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की हे सरी-वरंबे लाटांसारखे उठून दिसतात. कित्येक ठिकाणी ते सरळ नसून किंचित वळलेले असतात, कारण बैलांची लांब जोडी पट्ट्याच्या टोकाला वळवण्यासाठी औत आधीच तिरपे घ्यावे लागे.

---

मोजणीदार

भूमापन हा माझा पोटापाण्याचा विषय असल्यामुळे यात भर घालतो.

आपण सातबाऱ्यावर बोलताना जो ‘एकर’ शब्द वापरतो, तो याच लांबट पट्ट्यांतून आलेला आहे. इंग्लंडमध्ये बैलांचे औत एका दिवसात जेवढे रान नांगरू शकते तेवढे क्षेत्र म्हणजे एकर, अशी त्याची जुनी समजूत होती. पुढे ते माप २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद असे पक्के झाले. २२० यार्ड म्हणजे एक फर्लांग, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘एका तासाची लांबी’ असा आहे. इथे तास म्हणजे नांगराचे तास. बैल दम न खाता जेवढे अंतर एका ओढीत नांगरतात, त्याचा अंदाज त्या मापात आहे.

२२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची साखळी एडमंड गंटर या इंग्लिश गणितज्ञाने सतराव्या शतकात रूढ केली. दहा साखळ्या लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक एकर. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली गेली आणि तिचे १६ आणे पाडले गेले. ती साखळी लांबीला आणि रुंदीला एकेकदा टाकली की ३३ बाय ३३ फुटांचा, १,०८९ चौरस फुटांचा गुंठा होतो, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. कोणी लॅक्स्टनला जाणार असेल तर एखादा पट्टा पावलांनी मोजून पाहा. आपल्या उताऱ्यावरचे आकडे कोणत्या चिखलातून चालत आले ते पायांना कळेल.

---

कोकणकडा

सर विल्यम कोर्टीन हे नाव वाचून मी थबकलो, कारण आमच्या किनाऱ्याच्या इतिहासात ते वेगळ्या संदर्भात येते.

ज्या १६३५ साली कोर्टीनच्या गावाचा नकाशा तयार होत होता, त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने त्याच्या मंडळींना ईस्ट इंडिया कंपनीला डावलून पूर्वेकडे व्यापार करण्याची परवानगी दिली. कॅप्टन जॉन वेडेल याच्या हाताखालची त्यांची जहाजे १६३६ च्या वसंतात इंग्लंडहून निघाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचली. पुढे त्यांनी भटकळला बस्तान बसवण्याचा प्रयत्न केला, काही जहाजे चीनमध्ये कँटनपर्यंत गेली, आणि कारवारला त्यांची वखार उभी राहिली. मिऱ्यांचा व्यापार हे मुख्य आकर्षण होते. या सफरीबरोबर पीटर मंडी नावाचा व्यापारी होता आणि त्याने लिहून ठेवलेली टिपणे आजही अभ्यासक वापरतात. स्वतः कोर्टीन मात्र जहाजे गोव्याला लागण्याआधीच, १६३६ मध्ये वारला. त्यानंतर ही मंडळी कर्जात बुडत गेली.

लॅक्स्टनचा नकाशा आणि कारवारची वखार ही दोन्ही एकाच माणसाच्या पैशांतून उभी राहिली, हे मला आजवर माहीत नव्हते. या धाग्यामुळे दोन टोके जुळली. वाटसरू, तुमचे आभार.

---

ट्रेंटकाठचा वाटसरू (धागाकर्ता)

कोकणकडा, आभार मी मानायला हवेत. मी नकाशा पाहिला तेव्हा ‘लंडनचा एक व्यापारी’ म्हणून त्याचे नाव वाचून पुढे गेलो होतो. आता असे वाटते की विकत घेतलेल्या गावातला तसू न् तसू कागदावर उतरवून घेणे आणि न पाहिलेल्या किनाऱ्याकडे जहाजे पाठवणे या दोन्हींमागे एकच व्यापारी वृत्ती होती. पिअरपाँटांनी गाव घेतले ते त्याच्या मृत्यूनंतर चार-पाच वर्षांत, हेही तुम्ही सांगितलेल्या कर्जाच्या हकिकतीशी जुळते.

---

उलटतपासणी

लेख अभ्यासपूर्ण आहे, याबद्दल वाद नाही. तरीही मला एक मूलभूत शंका मांडायची आहे. पट्टे कमी केले, पडीक रानात चारा आला, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, मालकी आधी सरकारकडे, मग राजमुकुटाकडे, मग पुन्हा जहागीरदाराकडे गेली. ज्या शेतकऱ्यांचा उल्लेख तुम्ही करता ते बहुतेक कुळे आहेत. अशा स्थितीत हे गाव ‘जिवंत’ आहे असे म्हणणे कितपत योग्य? सरकारने विकत घेऊन जपलेली ती एक जुनी वस्तू आहे, असे कोणी म्हटले तर तुम्ही काय उत्तर द्याल? आणि दंड लावणारी ती गावसभा नेमकी काय करते? दंड खरोखर वसूल होतो की तो नुसता देखावा आहे?

---

ट्रेंटकाठचा वाटसरू (धागाकर्ता)

तुमची शंका मलाही पहिल्या भेटीनंतर छळत होती, म्हणून सविस्तर लिहितो.

सभेचे नाव ‘कोर्ट लीट’. मध्ययुगात प्रत्येक जहागिरीत अशी सभा असे आणि ती हद्दी, चराई, वाटा, ओढे यांचे तंटे जागच्या जागी सोडवत असे. राजाची मोठी न्यायालये वाढली, कुंपणे पडली, तसे या सभांना कामच उरले नाही. १९७७ च्या कायद्याने उरल्यासुरल्या सभांचे न्यायिक अधिकार काढून घेतले, पण लॅक्स्टनच्या सभेचा शेतीव्यवस्थेचा कारभार त्याच कायद्याने कायम ठेवला. म्हणजे तिच्या पाठीशी आजही संसदेचा शब्द आहे.

बारा पंच आणि त्यांचा एक म्होरक्या अशी मंडळी दरवर्षी नेमली जातात. ती फक्त त्या वर्षीचे गव्हाचे रान तपासतात, त्यामुळे प्रत्येक रानाची तपासणी तीन वर्षांतून एकदा होते. नांगर साइकमध्ये किंवा रस्त्यात किती घुसला, चर साफ आहेत का, खुंट जागेवर आहेत का, हे पाहायचे. त्यानंतर आठवड्याने, गुरुवारीच, डव्हकोट इनमध्ये सभा भरते. इस्टेटीचा कारभारी कायदेपंडित सभेचे अध्यक्षपद घेतो, बेलिफ सभा सुरू झाल्याची घोषणा करतो, हजेरी पुकारली जाते, पंचांनी ठरवलेले दंड वाचले जातात आणि पुढच्या वर्षासाठी नवे पंच शपथ घेतात. दंडाची रक्कम काही पौंडांचीच असते. रकमेने कोणाचे काही बिघडत नाही. मात्र आपण किती इंच पुढे सरकलो होतो हे साऱ्या गावासमोर वाचले जाते, आणि ज्या शेजाऱ्याने ते मोजले त्याचे रान पुढच्या खेपेला आपण मोजणार असतो. मला वाटते, ही सभा टिकण्याचे खरे कारण हे आहे. इथे हद्दीचा निर्णय दूरच्या कचेरीतला अधिकारी देत नाही. तोच चिखल पायाला लागलेली माणसे तो देतात.

मालकीबद्दल तुमचे म्हणणे मी मान्य करतो. १९५२ साली सरकार मध्ये पडले नसते तर हे गाव आज इतर गावांसारखेच असते, आणि उद्या एखाद्या मालकाने ठरवले तर काय होईल ही काळजी २०२० च्या विक्रीच्या वेळी अनेकांनी बोलून दाखवली होती. शेती करणारी कुटुंबे मोजकीच उरली आहेत. घरभाड्यावर किंवा शहरातल्या नोकरीवर जगणारे गावकरी आता जास्त आहेत, आणि त्यांना खुंट कुठे ठोकला याच्याशी रोजचे देणेघेणे नाही. हे सगळे खरे धरूनही मी त्याला जुनी वस्तू म्हणणार नाही. वस्तू जपायला काच पुरते. इथे दरवर्षी कोणीतरी खरा गहू पेरतो, त्याचे नुकसान-फायद्याचे गणित खरे असते, आणि दोन हाताच्या मातीसाठी होणारी घासाघीसही खरी असते. शेतकऱ्यांनी पट्टे घेणे सोडले तर मात्र कोणत्याही सरकारी ठरावाने हे गाव टिकणार नाही.

गावाच्या रचनेतही ही पद्धत दिसते, तेवढे सांगतो. कुंपणे पडलेल्या गावांत शेतकरी आपापल्या सलग शेतात घर बांधून राहायला गेले, म्हणून तिथे शेतघरे दूरदूर विखुरलेली असतात. लॅक्स्टनमध्ये जमीनच विखुरलेली असल्यामुळे कोणाला कुठे हलण्याचे कारण पडले नाही. शेतघरे अजून गावच्या रस्त्यावरच आहेत, त्यांतली कित्येक रस्त्याकडे आखूड बाजू करून उभी आहेत आणि मागे जनावरांचे आवार आणि कोठार आहे. ट्रॅक्टर घरातून निघतो तो गावच्या रस्त्यानेच रानात जातो. गावात कोंडवाडाही आहे. मोकाट जनावरे धरून आणणारा माणूस पूर्वी याच सभेच्या कारभारातला मानकरी असे.

---

रानजाई

आम्ही दोघे मुलांना घेऊन गेल्या जूनमध्ये गेलो होतो. वाटसरूंनी साइकचा उल्लेख केला आहे, त्यावर एक निरीक्षण नोंदवते. या पट्ट्यांतले गवत उशिरा, फुलांचे बी गळून पडल्यावर कापतात, म्हणून तिथे एकाच पावलाखाली सात-आठ जातींची रोपे सापडतात आणि दोन हातांवर गव्हाच्या पट्ट्यात एकाच जातीचे हिरवे पसरलेले असते. तो सांधा मुलांनाही लगेच दिसला. वर आकाशात चंडोलाच्या जातीचा पक्षी अखंड गात होता. कुंपणे नसल्यामुळे आडोसा नाही आणि वारा फार लागतो, म्हणून उन्हाळ्यातही जाड कपडे सोबत ठेवावेत.

गावाच्या हद्दीत एक राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालयही आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणारे हे केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले, आणि त्याभोवती गुलाबांची स्मृतिबाग आहे. मुले लहान असतील तर तिथे नेण्याआधी पालकांनी विचार करावा. आम्ही फक्त बाग पाहिली. सकाळी रान आणि दुपारी ती बाग असा दिवस गेला, आणि परत येताना गाडीत कोणीच फार बोलले नाही.

---

काळीमाती

वाटसरू, तुमचे उत्तर वडिलांना फोनवर वाचून दाखवले. त्यांचा पहिला प्रश्न होता, ज्याला दंड झाला तो दुसऱ्या वर्षी पंचांशी बोलतो का? आमच्या गावात शेजाऱ्याशी बांधावरून सुरू झालेला एक वाद तीन पिढ्या चालला आणि शेवटी दोन्ही घरांनी ती जमीनच विकली, म्हणून त्यांना ते जाणून घ्यायचे होते.

---

ट्रेंटकाठचा वाटसरू (धागाकर्ता)

वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी जे पाहिले तेवढेच सांगू शकतो. ट्रॉली रस्त्याच्या कोपऱ्यावर थांबली, दोघे जण उतरून एका पट्ट्याच्या कडेने चालत गेले, तिसरा हातात खुंट आणि घण घेऊन मागे होता. पट्टा ज्याचा होता तो त्याच ट्रॉलीत बसलेला होता. त्यानेच खाली उतरून सरी कुठे होती ते बोटाने दाखवले आणि खुंट बसेपर्यंत तो हाताने धरून ठेवला. मग सगळे पुन्हा ट्रॉलीत चढले आणि पुढच्या पट्ट्याकडे गेले.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी : डव्हकोट इनच्या आवारात माहितीची एक खोली आहे, आधी तिथे जावे. रानांतून जाणाऱ्या सार्वजनिक वाटा ठरलेल्या आहेत. त्यांवरूनच चालावे, पेरलेल्या पट्ट्यात पाऊल टाकू नये, आणि नोव्हेंबरात गेल्यास गमबूट न्यावेत, कारण ती तांबडी माती साध्या बुटांना धरून ठेवते.